पाकिटावरचे तीन शब्द: मॅगी २०१५, एक प्रकरण अभ्यास

मे २०१५ चा शेवटचा आठवडा असेल, आईचा फोन आला, "अरे घरात मॅगीची सात पाकिटं पडलीयेत, काय करू? भिशीच्या ग्रुपवर आलंय की त्यात शिसं सापडलंय." मी पीआरमध्ये आहे म्हणजे देशातल्या सगळ्या कंपन्यांची अंडीपिल्ली मला ठाऊक असणार असा तिचा समज. मी तेव्हा पुण्यात एका लहानशा एजन्सीत होतो, सहा माणसं, चार क्लायंट, आणि मॅगी बनवणाऱ्या नेस्लेशी आमचा काडीचा संबंध नव्हता. तरी म्हटलं थांब, कंपनी काय म्हणतेय बघतो. बघितलं. निवेदन सापडलं, बातम्या सापडल्या, पण घरातल्या सात पाकिटांचं काय करायचं हे काही कुठे सापडलं नाही. शेवटी तिला सांगितलं, ठेव माळ्यावर. तिने टाकून दिली.

गेल्या काही वर्षांत एजन्सीत नवीन पोरं आली की मी त्यांना हे प्रकरण सांगतो, दहाबारा वेळा तरी सांगून झालं असेल, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. सोशल मीडियामुळे आमचं काम कसं बदललं यावर सेमिनारमध्ये जे बोलतात ते ऐकून झोप येते, त्यापेक्षा हे एक प्रकरण नीट उलगडलं की बरंच कळतं.

तर सुरुवात २०१४ च्या मार्चमधली. उत्तर प्रदेशात बाराबंकीला अन्नसुरक्षा खात्याच्या माणसाने एका दुकानातून मॅगीचं सॅम्पल उचललं. त्याच्या डोक्यात शिसंबिसं काही नव्हतं, त्याला खटकली होती पाकिटावरची ओळ, 'नो ॲडेड एमएसजी', म्हणजे चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट वरून घातलेलं नाही. गोरखपूरच्या लॅबमध्ये एमएसजी निघालं. कंपनीने आक्षेप घेतला, मग ते प्रकरण कोलकात्याच्या केंद्रीय लॅबकडे गेलं, आणि या सगळ्यात वर्ष गेलं. एप्रिल २०१५ मध्ये कोलकात्याचा रिपोर्ट आला, त्यात एमएसजी होतंच, वर शिसं १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग. मर्यादा २.५ ची. म्हणजे जवळपास सातपट. आता सॅम्पल एवढे महिने कुठे कसं पडून होतं, लॅब कितपत भरवशाची, यावर कंपनीला बरंच बोलायचं होतं आणि पुढे कोर्टात ते बोललीही. पण ते नंतर.

मेमध्ये ही बातमी आधी तिकडच्या हिंदी पेपरांत आली. इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीच लागेल. तेव्हा प्रत्येक एजन्सीत पेपरांच्या याद्या असायच्या, ए लिस्ट, बी लिस्ट, सी लिस्ट. ए लिस्टमध्ये मुंबई-दिल्लीचे इंग्रजी पेपर आणि मोठे चॅनल, बी मध्ये राज्यातले मोठे मराठी-हिंदी पेपर, आणि सी मध्ये जिल्हा आवृत्त्या. जिल्हा आवृत्तीच्या चौथ्या पानावर क्लायंटविरुद्ध काही छापून आलं तर सकाळी क्लिपिंग कापून फाईलला लावायचं, क्लायंटला मेलमध्ये एक ओळ टाकायची, आणि "सर याला रिस्पॉन्ड करायची गरज नाही, उगाच बातमी मोठी होईल" असा सल्ला द्यायचा. मीही दिलाय हा सल्ला, कितीदा तरी. आणि तो बरोबर होता, कारण नांदेडच्या चौथ्या पानावरची बातमी नाशिकला पोचायचा रस्ताच नव्हता. बाराबंकीची बातमी २००५ मध्ये आली असती तर तिथल्या तिथे विरली असती असं मला तरी वाटतं. २०१५ मध्ये तिचा कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि ती आमच्या आईच्या भिशीत पोचली, मध्ये ना दिल्लीचा पेपर लागला ना मुंबईचा.

आता पाकिटाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे.

'नो ॲडेड एमएसजी' ही ओळ तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही एमएसजी वरून घालत नाही, पण टेस्टमेकरमध्ये हायड्रोलाइझ्ड शेंगदाणा प्रोटीन आहे, कांद्याची पावडर आहे, शिवाय गव्हाचं पीठ, आणि या सगळ्यात ग्लुटामेट मुळातच असतं, ते लॅबच्या तपासणीत दिसणारच. टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं. शास्त्र म्हणून बरोबर. पण दुकानात उभी असलेली बाई ती ओळ वाचून काय समजते? यात एमएसजी नाही. तिने तसं समजावं म्हणूनच तर ती ओळ तिथे छापलेली असते ना, 'ॲडेड' हा शब्द वकिलासाठी आणि बाकीचे दोन गिऱ्हाइकासाठी. जोवर गिऱ्हाईक आणि लॅब यांची गाठ पडत नव्हती तोवर हे खपून गेलं. लॅबचा रिपोर्ट लोकांच्या फोनवर आल्यावर मात्र लोकांनी स्वयंपाकघरातलं पाकीट उलटं करून त्याचाही फोटो काढला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. एकावर लिहिलंय नाही, दुसऱ्यावर लिहिलंय आहे. याला उत्तर म्हणून ग्लुटामेटचं रसायनशास्त्र सांगायला गेलात की तुम्ही खोटं बोलताय असंच दिसणार, खरं बोलत असलात तरी.

आणि नेस्लेने नेमकं तेच केलं. ट्विटरवर लोक विचारत होते, मुलांना दिलं तर चालेल का, आणि कंपनीच्या हँडलवरून सगळ्यांना एकाच साच्यातलं उत्तर जात होतं, आम्ही एमएसजी घालत नाही, ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असू शकतं वगैरे. कोणी चिडून विचारलं तरी तेच, कोणी गंमत केली तरी तेच. लोकांनी मग त्या उत्तरांचेच स्क्रीनशॉट फिरवले. ज्याने कधी कोणाचं हँडल सांभाळलंय त्याला यातली वेदना कळेल, कारण तिकडे कीबोर्डवर बसलेल्या पोराच्या हातात बहुधा काही नसतं. आमच्याकडे तेव्हा पद्धत अशी की हँडल डिजिटल एजन्सीकडे, प्रेसनोट पीआर एजन्सीकडे, आणि संकट आलं की शब्द लीगलकडे, आणि लीगलने एकदा एक वाक्य मंजूर केलं की ते वाक्य सोडून दुसरं काही टाईप करायची कोणाची टाप नाही. नेस्लेच्या आत काय व्यवस्था होती मला माहीत असायचं कारण नाही, पण बाहेरून ओळखीचं वाटलं एवढं खरं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने सांगितलं की माल परत मागवायचा कुठलाही आदेश नाही, मॅगी सुरक्षित आहे. १ जूनला मोठं निवेदन आलं, सुमारे ६०० बॅचेसची सॅम्पल बाहेरच्या लॅबकडे दिली, सुमारे १,००० बॅचेस स्वतःच्या लॅबमध्ये तपासल्या, ही सॅम्पल मिळून साडेबारा कोटी पाकिटांचं प्रतिनिधित्व करतात, सगळं मर्यादेत आहे. साडेबारा कोटी! मी हा आकडा वाचून ऑफिसमध्ये म्हटलं होतं की भारी काम केलंय यांनी. आमच्या मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "हे तू आईला फॉरवर्ड करशील का?" नाही केलं असतं. एक तर ते इंग्रजीत, दुसरं म्हणजे लॅब त्यांचीच, आणि तिसरं, समोरचा मेसेज चार ओळींचा होता, शिसं, मुलांचा मेंदू, आजच फेकून द्या, सगळ्यांना पाठवा. त्याच्यापुढे साडेबारा कोटी पाकिटांचा आकडा कोण वाचणार.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तेव्हा आम्हाला कोणालाच ते कळलं नव्हतं. ट्विटरवर काय चाललंय ते टूल लावून बघता यायचं, किती लोक बोलले, शिव्या किती, कौतुक किती, रोज संध्याकाळी रंगीत गोल काढून क्लायंटला पाठवता यायचे. फेसबुकचंही थोडंफार. व्हॉट्सॲपचं काहीच दिसत नाही. आणि मॅगी विकत घेणारी माणसं ट्विटरवर कितीशी होती? ती होती भिशीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. तेव्हा 'फॉरवर्डेड' असं लेबलही यायचं नाही, ते आलं २०१८ मध्ये. धुळ्यात राईनपाड्याला अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं त्याच महिन्यात ते लेबल आणि पाठवण्यावरची मर्यादा आली. २०१५ मध्ये आलेला मेसेज म्हणजे जणू जोशीकाकूंनी स्वतः लिहिलेला, आणि जोशीकाकू कशाला खोटं सांगतील. पेपरला खुलासा पाठवता येतो, चॅनलला बाईट देता येतो, जोशीकाकूंना काय पाठवणार? त्या आठवड्यात रंगीत गोल बघणाऱ्याला वाटलं असेल की ट्विटरवर निम्मे लोक विनोदच करतायत, म्हणजे तितकंसं गंभीर नाही. इकडे किराणा दुकानात पाकिटं धूळ खात होती.

मग चार दिवसांत सगळं कोसळलं. ३ जूनला दिल्ली सरकारने पंधरा दिवसांची बंदी घातली, सैन्याच्या कँटीनने विक्री थांबवली, बिग बाझारने माल शेल्फवरून काढला. दुसऱ्या दिवशी गुजरात, उत्तराखंड, तामिळनाडू. गंमत म्हणजे गोव्याच्या एफडीएला त्यांच्या सॅम्पलमध्ये काही वावगं सापडलं नव्हतं, डिचोलीला तर कंपनीचा कारखानाच आहे. पण गोव्याचं कोण ऐकतंय, वाईट बातमी पुढे पाठवली जाते, बरी बातमी वाचून सोडून देतात. जाहिरातीत दिसलेले अमिताभ, माधुरी, प्रीती झिंटा यांच्यावर बिहारच्या मुझफ्फरपूरच्या कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. ४ तारखेच्या रात्री कंपनीने माल मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि ५ जूनला, शुक्रवारी, नेस्लेचे जागतिक सीईओ पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांपुढे बसले. म्हणणं असं की मॅगी सुरक्षित आहे, पण गोंधळामुळे ग्राहकाचा विश्वास डळमळला म्हणून मागे घेतोय. त्याच दिवशी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदीचा आदेश काढला. आता बघा, स्वतःहून मागे घेतलं हे सांगायला माणूस स्वित्झर्लंडहून आला आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते सरकारने बंदी घातली हेच. दहा दिवस आधी हेच पाऊल उचललं असतं, "तपास होईपर्यंत आम्हीच थांबवतो, घरातली पाकिटं दुकानात परत द्या, पैसे घ्या" एवढं सहा भाषांत टाकलं असतं, तर बंदी टळली असती असं मी म्हणत नाही, पण आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं.

यातली सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे हीच कंपनी एकदा ठेच खाऊन शहाणी झाली होती. २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने नेस्लेच्या किटकॅटमधल्या पामतेलासाठी जंगलं तोडली जातात यावरून व्हिडिओ काढला, नेस्लेने कॉपीराइटच्या नावाखाली तो यूट्यूबवरून काढायला लावला, फेसबुकवर लोगो बदलून टाकणाऱ्यांशी पेजवरच हुज्जत घातली, आणि व्हायचं तेच झालं, व्हिडिओ आणखीच पसरला. दोनेक महिन्यांत त्यांनी पामतेलाचं धोरण बदललं. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या व्हेवेच्या मुख्यालयात खास डिजिटल टीम बसवली, भिंतभर स्क्रीन, जगात कोण काय बोलतंय ते दिसणारी खोली, आमच्या क्षेत्रात तिचे दाखले द्यायचे लोक. एवढं असून बाराबंकीची ठिणगी भडकेपर्यंत हात हलला नाही. माझा अंदाज असा की किटकॅटच्या वेळी भांडण एनजीओशी होतं, तिथे लोकांशी बोलायचं होतं, आणि इथे समोर सरकारी खातं आलं म्हटल्यावर कंपनीने हे कागदावरचं प्रकरण मानलं, लॅबविरुद्ध लॅब. स्क्रीनवर दिसत असणार सगळं. दिसणं आणि कोणाला तरी त्यावर लगेच निर्णय घ्यायचा अधिकार असणं यात फरक आहे.

६ जूनला महाराष्ट्राच्या अन्नसुरक्षा आयुक्तांचाही आदेश निघाला. त्याच शनिवारी सकाळी आमच्या एका क्लायंटचा फोन, मसाले आणि लोणची बनवणारं पुणे जिल्ह्यातलं घराणं, नाव नको. काका घाबरले होते. "अहो, आमच्या पाकिटावर काय काय लिहिलंय ते एकदा बघता का?" दुपारी आम्ही तिघं त्यांच्या गोडाऊनमध्ये जमिनीवर बसून एकेक पाकीट वाचत होतो. 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं, आणि मागे बारीक अक्षरात प्रिझर्व्हेटिव्हचा नंबर. 'आजीच्या हातची चव' याला काही करता येत नाही, पण 'डॉक्टरांनी शिफारस केलेले' असंही एका मेतकुटावर होतं. मी विचारलं कोणते डॉक्टर? काका म्हणाले, "आमचे मेव्हणे." काढून टाका म्हटलं. छापलेल्या पाकिटांचे रोल दोन महिन्यांचे शिल्लक होते, ते फेकायला काका तयार नव्हते, शेवटी बायका लावून हाताने स्टिकर चिकटवले. पीआरवाल्याने गोडाऊनमध्ये बसून पाकिटं वाचायची हे त्याआधी मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आता नवीन क्लायंट आला की पहिलं काम तेच.

तिकडे नेस्लेने ३० हजार टनांहून जास्त मॅगी गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली. एप्रिल ते जून तिमाहीत ६४ कोटींचा तोटा. जुलैअखेर भारतातले प्रमुख बदलले, एतियेन बेने गेले आणि सुरेश नारायणन आले. कंपनी मुंबई हायकोर्टात गेलीच होती, १३ ऑगस्टला न्यायमूर्ती कानडे आणि कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली, कारण कंपनीला बाजू मांडू न देता आदेश काढला होता आणि ज्या लॅबच्या भरवशावर काढला त्यांना आवश्यक मान्यता नव्हती. पण सरळ विका असंही म्हटलं नाही, मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या लॅबमध्ये पुन्हा तपासा म्हटलं. ऑक्टोबरमध्ये ९० च्या ९० सॅम्पल पास.

म्हणजे शिशाच्या बाबतीत कंपनी पहिल्या दिवसापासून जे म्हणत होती त्यालाच शेवटी पुष्टी मिळाली. हे मी पोरांना मुद्दाम ठासून सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं की पीआर म्हणजे चूक झाकायची कला. इथे झाकायचं काही नव्हतंच, तरी ही गत झाली.

परतीचा प्रवास मात्र एकदम वेगळ्या सुरात. बंदीच्या काळात लोकच मॅगीची आठवण काढत होते, हॉस्टेलची पोरं, नोकरीसाठी बाहेरगावी राहणारे. त्या पावसाळ्यात ताम्हिणीत एका टपरीवर मी पाटी बघितली, 'मॅगी' या शब्दावर कागद चिकटवून 'नूडल्स' लिहिलेलं, आणि गिऱ्हाईक तरी म्हणतंय, "दादा, दोन मॅगी." कंपनीने हा सूर उचलला. 'वी मिस यू टू' हॅशटॅगखाली छोटे व्हिडिओ आले, रात्री भूक लागलेला एकटा पोरगा, मॅगी नाही, बस एवढंच. त्यात पीपीएम नाही, लॅब नाही, सफाई नाही. ९ नोव्हेंबरला धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर विक्री पुन्हा सुरू, आणि १२ तारखेला स्नॅपडीलवर ६० हजार किट पाच मिनिटांत संपले. आता साठ हजार किट म्हणजे मॅगीच्या धंद्यात चिमूटभर, पण 'पाच मिनिटांत संपलं' ही बातमी फुकटात सगळीकडे छापून आली. आठवडाभरात पतंजलीच्या आटा नूडल्स बाजारात उतरल्या, तरी पुढे मॅगीच परत पहिल्या नंबरवर.

या पुनरागमनाला पीआरचा चमत्कार म्हणून पुरस्काराच्या भाषणात मिरवतात ते मला पटत नाही. तीस वर्षांच्या आठवणी लोकांकडे आधीच होत्या, हॅशटॅगने त्या तयार केल्या नाहीत, फक्त त्यांच्या आड येणं थांबवलं. तुमच्या-आमच्या क्लायंटकडे, म्हणजे नवीन आलेल्या कुठल्या प्रोटीन बारकडे वगैरे, असली शिल्लक नसते. त्याने 'वी मिस यू टू' म्हटलं तर लोक विचारतील तू कोण. मला विचाराल तर खरी शहाणपणाची गोष्ट व्हिडिओपेक्षा छोटी होती, नवीन पाकिटावरून 'नो ॲडेड एमएसजी' गायब होतं.

शेपूट एक राहिलंच. केंद्र सरकारने ग्राहकांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगात ६४० कोटींचा दावा लावला होता, तो मध्ये सुप्रीम कोर्टात जाऊन आला आणि एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने फेटाळला. नऊ वर्षांनी. मी बातमीची लिंक आईला पाठवली आणि म्हटलं भिशीच्या ग्रुपवर टाक, तिथूनच सुरू झालं होतं ना. तिने टाकली. दिवसभरात दोन अंगठे आले, एक 'सुप्रभात' आलं, आणि रात्री जोशीकाकूंचा मेसेज, "मग तेव्हा आपण फेकलेल्या पाकिटांचे पैसे कोण देणार?"